आबामामाची भरलेली घागर

लिहायला बसण्याआधी माफी मागतो. या पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात त्यांना वाचक आधीपासून ओळखत असतात, आणि लिहिणारेही जाणते असतात. माझ्या मामाला आमच्या वाडीबाहेर आणि बहारीनच्या किनाऱ्यावरच्या काही म्हाताऱ्यांखेरीज कोणी ओळखत नव्हतं, आणि मी अजून कॉलेजात शिकतो आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांना वाटतं, याला सगळं लिहिता येत असणार. तसं नाही. परीक्षेतला निबंध वेगळा आणि आपल्या माणसाबद्दल लिहिणं वेगळं, हे मला कागद फाडता फाडता कळलं. पण आबामामा गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं ते सुचत नाही. म्हणून लिहून बघतो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

मामा गेल्याचं मला कॉलेजच्या ऑफिसात कळलं. शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, बहारीनहून ट्रंककॉल आहे. मी धावलो. वडील बहारीनला एका कंपनीची गाडी चालवतात. त्यांच्या खोलीत फोन नाही, म्हणजे कुठून तरी विनंती करून लावलेला असणार. आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. "आबा गेलो रे," ते म्हणाले. मग घाईने म्हणाले, "ऐक, तेच्याआधी काय झाला म्हायत आसा? बू जासिम खोलीर इलो आणि..." आणि फोन तुटला. मी रिसीव्हर कानाला लावून उभाच राहिलो. क्लार्कने विचारलं, "झालं का बोलून?" झालं नव्हतंच. पुढचे कित्येक दिवस मी कारण नसताना ऑफिसवरून जात राहिलो, पुन्हा फोन येईल म्हणून. आला नाही. त्या अर्ध्या वाक्याने मला नुसतं हैराण केलं...

आबामामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. देवगडच्या बाजूला आमचं गाव, आईचं माहेरही त्याच वाडीत. आईच्या माहेरची माणसं पिढ्यान्पिढ्या दर्यावर. मामा तरुणपणी गलबतावर होता. इथून कौलं भरून आखातात न्यायची आणि तिथून खजूर आणायचा. पुढे गलबतं मोडीत निघाली, तेव्हा तो व्हिसा काढून बहारीनला गेला आणि तिथल्या बोटी दुरुस्त करण्याच्या कारखान्यात लागला. फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरायचं काम. त्याच्या बोटांना तेलाचा वास यायचा, सुट्टीवर घरी आला तरी जायचा नाही. लग्न केलं नाही. मनामा शहरातल्या नईम भागात एका खोलीत तो आणि माझे वडील राहायचे. स्वयंपाक वडलांचा, भांडणं मामाची.

त्याने धाकट्या भावाला, वामनमामाला, मागाहून बोलावून घेतलं आणि बंदरा-बंदरांत माल नेणाऱ्या एका लाँचवर लावून दिलं. मी चौथीत असताना ती लाँच बहारीनहून निघाली आणि पुढच्या बंदरात पोहोचलीच नाही. शमाल म्हणतात तो उत्तरेचा वारा सुटला होता. एक फळीसुद्धा कुठे सापडली नाही. वामनमामाची बायको, आमची काशीमामी, तेव्हा अगदी तरुण. तिने ना कुंकू पुसलं ना मंगळसूत्र काढलं. कोणी तिला काढ म्हणून सांगायलाही धजलं नाही, कारण आबामामाचा निरोप आला होता, कोणी बघितलेला नाय, तवसर कोणी काय बोलूचा नाय.

तेव्हापासून मामाने एकच प्रश्न धरला. बंदरावर, बाजारात, चहाच्या टपरीवर जो खलाशी भेटेल त्याला विचारायचं, "शिफ्त वामन?" शिफ्त म्हणजे पाहिलंस का. मग स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट फिरवून दाखवायचं, कारण वामनमामाच्या भुवईवर लहानपणीची खोक होती. बंदरावरची पोरं मामालाच शिफ्तवामन म्हणू लागली. पुण्याहून नवीन आलेल्या एका इंजिनिअरांना त्याने सवयीने असंच विचारलं, तर ते म्हणाले, "वामन कोण ते माहीत नाही बुवा, पण माझी शिफ्ट सकाळची असते." माझे वडील ही गोष्ट सांगून हसायचे. मामाही हसायचा, पण हसून झालं की उठून बाहेर फेऱ्या घालायचा. त्याला बसलेला असा मी फार कमी पाहिला. जेवतानासुद्धा एक गुडघा हलत असायचा.

बारावी पास झालो तर बहारीन दाखवीन, असं वडलांनी कबूल केलं होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी तिकीट पाठवलं. मी पोहोचलो त्याच आठवड्यात समुद्रावरच्या गाण्यांचा मेळा होता. पश्चिम किनाऱ्यावर, जनाबियाच्या पुढे एक गाव आहे, तिथे तो भरायचा. पूर्वी तिथले पुरुष उन्हाळाभर मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायला जात आणि या दिवसांत परत येत. मोत्यांचा धंदा कधीच बुडाला, पण शीड चढवताना, नांगर उचलताना, वल्ही मारताना म्हणायची त्यांची गाणी राहिली. बोटी परतायच्या दिवसांत म्हातारे किनाऱ्यावर जमून ती म्हणत. कतार, कुवेत, इराणच्या किनाऱ्यावरूनही जुने दर्यावर्दी येत. मामा दरवर्षी जायचा तो त्यांच्यासाठी. इतकी दर्यावरची माणसं एका जागी त्याला दुसरीकडे कुठे भेटणार होती?

मेळ्याचा मुख्य गाणारा बू जासिम. जिदहफ्सच्या बाजारात त्याचा मासळीचा गाळा होता. पोट सुटलेला, सतत चेष्टा करणारा माणूस. हिंदी माणसांशी व्यवहार करून करून आमच्यासारखीच मोडकी हिंदी बोलायचा. या गाण्यांना ढोलाबरोबर मातीच्या घागरी वाजवतात. जहला म्हणतात त्यांना. एका हाताने तोंडावर आणि दुसऱ्याने अंगावर थाप मारतात. त्या घागरी बू जासिमच्या गाळ्यामागे ठेवलेल्या असत, आणि किनाऱ्यावर न्यायचं काम त्या वर्षी त्याने आमच्यावर सोपवलं, कारण वडलांकडे पिकअप होती.

वडील डिझेल भरायला गेले होते. मी घागरी बाहेर काढत होतो, आणि बघतो तर मामा नळाखाली एकेक घागर भरतो आहे.

"मामा, ह्या वाजवायच्या आहेत ना?"

"वाजवतले मगे. रिकामी घागर दर्यावर न्हेवची नाय."

"अहो, पण..."

"झिला, तू कॉलेजात जातंस ना? मग गप बस आणि ही उचल."

आमच्याकडे कोणी कामाला निघालं की समोरून भरलेली घागर यावी लागते, हे मला माहीत होतं. आई अजून पाळते. होडी पाण्यात लोटताना तर रिकामं भांडं दृष्टीलाही पडू देत नाहीत. पण हे इथे, परक्या मुलखात, गाण्याच्या घागरींना...? वडील आले, मागे डुचमळणाऱ्या घागरी बघून कपाळाला हात लावला आणि खजुरांच्या बागांमधल्या रस्त्याने गाडी इतक्या हळू नेली की मागचे सगळे भोंगे वाजवत होते.

किनाऱ्यावर दुपारची प्रार्थना आटोपून म्हातारे सतरंज्यांवर बसले होते. ढोलांची कातडी जाळावर शेकवणं चाललं होतं. समोर समुद्रात, सौदीला जाणारा पूल तेव्हा बांधत होते, त्याचे खांब दिसत होते. बू जासिमने घागर मांडीवर घेतली आणि नेहमीसारखी थाप मारली. आवाज आला... ढब्. त्याने आत बघितलं. दुसरी घेतली. तीही ढब्.

"आबा! ये क्या है?"

"पानी."

"मेरे को दिखता है पानी! अरे, ये पीने का मटका नहीं, गाने का मटका है! ये तो गाता नहीं, डकार देता है!"

सगळा किनारा हसला. एकाने विचारलं, या हिंदी माणसाला तहान लागली होती का? मामा उभाच होता. त्याचे कान लाल झाले. मग हिंदी, अरबी, मिळेल ती भाषा जोडत तो म्हणाला (मफी म्हणजे नाही, जैन म्हणजे चांगलं), "बू जासिम, खाली मटका मफी जैन. हमारे में खाली मटका आदमी मरता तब होता है. मेरा भाई का खबर अभी मफी है. मैं दर्या पे खाली मटका नहीं लाएगा. तुम बोलो तो मैं जाता."

हसणं एकदम थांबलं नाही, हळूहळू थांबलं. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, कोण भाऊ? दुसऱ्याने हलक्या आवाजात सांगितलं, ती लाँच... शमालमध्ये गेलेली. मला वाटलं, आता मामाला उठवून लावणार. पण त्या बसलेल्या माणसांमध्ये असा कोण होता, ज्याचं कोणी समुद्रात राहिलं नव्हतं? बू जासिम बराच वेळ घागरीच्या कडेवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "सब खाली करो. एक छोड दो. यल्ला!"

घागरींमधलं पाणी वाळूत ओतलं. त्या जाळाजवळ सुकायला ठेवल्या, तरुण पोरं उशीर झाला म्हणून कुरकुरत राहिली. ओल गेलीच नाही पुरती. त्या दिवशी घागरींचा आवाज जडच लागला. एक घागर मात्र रांगेच्या टोकाला भरलेली ठेवली, आणि तिच्याजवळ मामाला बसवलं. मग बू जासिमने तान घेतली. चेष्टा करणारा तो माणूस मला ओळखू येईना. त्याच्यामागे इतर सगळ्यांनी खालचा, अगदी खालचा सूर धरला. तो गळ्यातून येतोय असं वाटतच नव्हतं, वाळूतून पायांत चढत होता. मामानेही तो धरला. मामाचा गळा बेसूर, पण त्या गर्जनेत ते कोणाला कळणार! शब्द मला कळत नव्हते. मामा मध्येच कोपराने ढोसून सांगायचा, "ह्या शीड चढवतानाचा... बघ, खांदे बघ तेंचे." आणि खरंच, बसल्या जागी त्या म्हाताऱ्यांचे खांदे दोर ओढत होते. पूर्ण वेळ मामाचा एक हात त्या भरलेल्या घागरीच्या गळ्यावर होता. आणि त्याचा गुडघा हलत नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

गाणी संपल्यावर तो उठला आणि एकेका पाहुण्यासमोर जाऊन विचारू लागला, शिफ्त वामन? "ला वल्ला," म्हणजे देवाशपथ नाही, असं एकेक जण म्हणत गेला. बू जासिम माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "कॉलेजवाला, सुनो. तुमने देखा क्या, ये पूछना है तो शिफ्त. मैंने देखा, ये बोलना है तो भी शिफ्त. एकही लफ्ज. तुम्हारा मामा इतना साल से आधा बोलता है."

मेळ्यानंतर ती घागर मामा खोलीवर घेऊन आला, भरलेलीच. मग ते दरवर्षीचंच झालं. मेळ्याला न्यायची, टोकाला ठेवायची, परत आणायची. इतर दिवशी ती त्याच्या खाटेच्या पायथ्याशी असायची. सकाळी उठला की आधी तिचं पाणी बदलायचा, मग चहा. त्यातलं पाणी कोणी प्यायचं नाही. कमी भाजलेली माती, घागर पाझरायची, खालची जमीन कायम ओली. वडील वैतागून म्हणायचे, "आबा, माझ्या बिछान्याक बुरशी धरली." मामाचं उत्तर ठरलेलं, "मग खाट सरकव."

दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा मी धीर करून विचारलं, मामा, भरूनच का ठेवता? अपशकुनाचं समजलं, पण खोलीतसुद्धा? तो तेव्हा दारातून आत-बाहेर करत होता. मला वाटलं, ओरडेल. पण म्हणाला, "गलबत फुटला आणि एकदम बुडालो, तर तो सुटलो. पण फळीक धरून रवलो असात तर? वर ऊन, भोवती सगळा खारा पाणी... मीच तेका त्या लाँचीर चढवलंय." आणि बाहेर गेला. मला नंतर रात्रभर तो पाझरण्याचा बारीक आवाज येत राहिला, की येतोय असं वाटत राहिलं.

माणूस हरवून बारा वर्षं झाली की आमच्याकडे तो गेला असं धरतात, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मुदत भरली त्या शिमग्याला मामा सुट्टीवर आला होता. वाडीतल्या जाणत्यांनी त्याला ओटीवर बसवून समजावलं. काशीच्या जिवाचा विचार कर, ती ना सवाष्ण ना विधवा, किती दिवस लोंबकळत ठेवणार? ते चुकीचं बोलत नव्हते, आजही मला तसंच वाटतं. मामा फेऱ्या मारत म्हणाला, "गवताक जाळून माझो भाव मरूचो नाय. बघलेलो एक माणूस आणा." मग दाराआडून काशीमामी पहिल्यांदाच बोलली, "भावोजी सांगतत तसाच जावंदे." बस, तेवढंच. त्याच्यासाठी म्हणाली की स्वतःसाठी, ते मला कळलं नाही. मामा दुसऱ्याच दिवशी सुट्टी अर्धी टाकून परत गेला. मी त्याला एसटीवर पोहोचवायला गेलो होतो. खिडकीतून म्हणाला, "अभ्यास कर. आणि मामीक रिकामा बसू देव नको, काय तरी वाचून दाखव." ती आमची शेवटची भेट. मी काहीही वाचून दाखवलं नाही तिला. काय दाखवणार होतो?

त्यानंतर छातीचं दुखणं निघालं आणि वाढत गेलं. मग तो फोन आला.

मामाचं क्रियाकर्म तिथेच झालं. त्याने सांगून ठेवल्याप्रमाणे अस्थीही वडलांनी तिथल्याच समुद्रात सोडल्या. काही आठवड्यांनी रजा मिळाली तेव्हा वडील आले, आणि मी त्यांना आणायला मुंबईला विमानतळावर गेलो. लोक टेपरेकॉर्डर, ब्लँकेटं घेऊन बाहेर येत होते. माझे वडील छातीशी ती घागर धरून आले. कस्टमवाल्याने विचारलं म्हणे, "काका, अख्ख्या गल्फमध्ये तुम्हाला मडकंच मिळालं?" वडील बारीक झाले होते. मी फोनवरच्या अर्ध्या वाक्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "घराकडे. काशीच्या समोर सांगतंय. दोनदा माझ्यान सांगवूचा नाय." गाडीत सगळा वेळ ती घागर त्यांच्या मांडीवर होती आणि माझं लक्ष तिच्यावर. बाहेरून माती कोरडी, पांढरट पडली होती. अशी मी ती कधी पाहिली नव्हती.

सकाळी आमच्या फाट्यावर उतरलो. तिथे नळ आहे. मी काही न विचारता घागर घेतली आणि नळाखाली धरली. रिकामी घरात कशी न्यायची? वडलांनी माझा हात धरला. "भरू नको," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मी घागर तशीच उचलली आणि आम्ही घराची वाट धरली.

काशीमामी अंगणात होती. आधी तिला आम्ही दिसलो, मग माझ्या हातातली घागर. मामाच्या त्या घागरीची हकिगत तिला ठाऊक होती, आई-वडलांकडून ऐकलेली. ती जवळ आली, आत वाकून बघितलं. हात आत घालून तळाला फिरवला, पुन्हा बाहेर काढून बोटांकडे बघितलं. "रिकामीच आणलंस?" तिने मला विचारलं. उत्तर तिला नको होतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि वडलांना म्हणाली, "सांगा."

वडील फार बोलणारे नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. यंदाच्या मेळ्याला मामा जाऊ शकला नाही, पण घागर पाठवली होती. इराणच्या किनाऱ्यावरून पहिल्यांदाच आलेल्या एका म्हाताऱ्याने बू जासिमला विचारलं, ही एकच भरलेली का? बू जासिमने सगळं सांगितलं, आणि स्वतःच्या भुवईवर बोट फिरवून दाखवलं. म्हातारा पुढे सरकून बसला. मग म्हणाला, मला त्या माणसाकडे ने. दुसऱ्या दिवशी बू जासिम त्याला आणि घागरीला घेऊन नईमला खोलीवर आला. त्या शमालनंतर त्या म्हाताऱ्याच्या गावच्या मासेमाऱ्यांना फळीवर एक हिंदी माणूस सापडला होता, डाव्या भुवईवर खोक असलेला. जिवंत. कोणाला त्याची भाषा येत नव्हती. काही दिवस तो त्यांच्या घरी होता, मग गेला. त्यांनी त्याला आपल्या माणसांशेजारी, समुद्राकडे तोंड करून पुरलं. सगळं ऐकून मामाने एवढंच विचारलं, पाणी मिळालं का त्याला? म्हातारा म्हणाला, माझ्या आईने तिच्या हाताने पाजलं, पोटभर प्यायला. मग मामाने वडलांना खूण केली. वडलांनी घागर उचलून गल्लीतल्या झाडाला ओतली, आणि परत आले तेव्हा मामा शांत पडून होता, पाय सरळ करून. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

काशीमामी ऐकत होती. तिचा हात गळ्याशी गेला होता आणि तिथेच राहिला होता. मग तिने विचारलं, "म्हातारो आत इलो तेवा भावोजी पयला काय बोलले?"

"बोलाक दम खय होतो," वडील म्हणाले. "पण सवय. म्हातारो दारात दिसलो मात्र, उशीवरसून मान उचलून इचारल्यान, शिफ्त वामन?"

"आणि?"

"म्हाताऱ्यान मान हलवली. म्हणालो, शिफ्त."